साडेपाचची कॉफी आणि बारा पौंडांचे बिल

सकाळी साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप सवयींवरच्या व्याख्यानांत हमखास भेटतो तो याच रूपात. टपाल खात्यातली नोकरी सांभाळून तो लिहीत राहिला आणि आयुष्यभरात त्याच्या ४७ कादंबऱ्या झाल्या, असे वक्ता सांगतो. ऐकणारे माना डोलावतात, घरी जाऊन गजर लावतात आणि चौथ्या दिवशी तो बंद करून कुशीवर वळतात. मीही वळलो आहे. बँकेत नव्याने लागलेल्या मुलामुलींच्या प्रशिक्षणात ही गोष्ट मी कित्येक वर्षे सांगत असे. ती उलट्या टोकाने सांगतोय हे कळले ट्रॉलपचे आत्मचरित्र सावकाश वाचले तेव्हा.

त्या आत्मचरित्रात साडेपाचची वेळ बरीच उशिरा येते. त्याआधी येतो तो चिखलाने माखलेला एक शाळकरी मुलगा, आणि मग लंडनमधला एक कारकून: कर्जबाजारी, कामचुकार, नोकरी आज जाते की उद्या अशा अवस्थेतला. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत या माणसाच्या नावावर एकही चांगली सवय सापडत नाही. म्हणजे जवळजवळ नाही. एक होती, पण तिला त्या काळी कोणी सवय म्हटले नसते. हे सगळे प्रकरण म्हणून अभ्यासायचे तर ते याच सव्वीस वर्षांमुळे.

चिखल

ट्रॉलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर. हुशार, पण इतके तापट की अशिलं टिकेनात. वकिली बसली तेव्हा त्यांनी हॅरोजवळ शेती करायला घेतली. शेतीतले काही कळत नव्हते, त्यामुळे उरलासुरला पैसा त्यात गेला. हॅरो म्हणजे उमराव-सरदारांच्या मुलांची शाळा. गावात राहणाऱ्यांच्या मुलांना तिथे जवळजवळ फुकट शिकता येई, म्हणून अँथनीला तिथे घातले. घर शाळेपासून तीन मैलांवर, रस्ता शेतातला. रोज चिखल तुडवत जायचे-यायचे आणि मग लॉर्डांच्या मुलांशेजारी बाकावर बसायचे. एकदा खुद्द मुख्याध्यापकांनी त्याला रस्त्यात थांबवले आणि इतका घाणेरडा मुलगा आपल्या शाळेचा असू शकतो का, असे विचारले. साठीला टेकल्यावर लिहिलेल्या आत्मचरित्रातही तो हा प्रसंग विसरलेला नाही.

मधली तीन वर्षे तो विंचेस्टरच्या शाळेत होता. तिथे थोरला भाऊच त्याच्यावर देखरेखीला नेमलेला, आणि भावाची शिकवण्याची पद्धत म्हणजे काठी. याच काळात, १८२७ मध्ये, आई काही मुलांना घेऊन अमेरिकेला गेली, पुढे वडीलही गेले. अँथनी मागे राहिला. शाळेची बिले थकली, तेव्हा गावातल्या दुकानदारांना या मुलाला उधार देऊ नका असे सांगण्यात आले. बूट, कोट, रुमाल असल्या वस्तू मागायला तोंड उरले नाही. शाळेतल्या मुलांना हे अर्थातच कळले. मुलांना असल्या गोष्टी कळतातच.

माणूस स्वतःची हेळसांड करायला शिकतो तो असा. आधी दुसरे कोणीतरी त्याची हेळसांड करते, मग तो त्यांचा निकाल मान्य करून टाकतो. ट्रॉलपने हे सूत्र म्हणून कुठे मांडलेले नाही. पण स्वतःच्या गबाळेपणाबद्दल तो ज्या सुरात लिहितो तो सूर आपल्या ओळखीचा आहे: मी असाच, माझ्याकडून दुसरे काय होणार?

आईचा एक धागा इथेच सांगून ठेवतो. फ्रान्सिस ट्रॉलप अमेरिकेतून हात हलवत परतली आणि पन्नाशी ओलांडल्यावर तिने पहिले पुस्तक लिहिले. १८३२ मध्ये ते आले आणि गाजले. १८३४ मध्ये धनको दारात आले, तेव्हा नवऱ्याला घेऊन कुटुंब बेल्जियममधल्या ब्रुजला पळाले. (वडिलांना बोटीवर सोडून अँथनी घरी परतला, तर जप्ती चालू होती.) ब्रुजला एका खोलीत मुलगा क्षयाने मरत होता, दुसऱ्या खोलीत नवरा. बाई त्यांची शुश्रूषा करत आणि मधल्या वेळात, पहाटे चारपासून, कादंबऱ्या लिहीत. घर त्यावर चालले. पहाटे उठून लिहिणे अँथनीला कोणी उपदेशातून सांगितले नव्हते. त्याने ते घरात पाहिले होते. तरीही ते त्याच्या अंगी उतरायला पुढे कितीतरी वर्षे लागली. घरात पाहिलेले आपोआप उतरते असे मानणाऱ्यांनी हा अवधी लक्षात ठेवावा.

लंडनमधली सात वर्षे

१८३४ च्या शरद ऋतूत, एकोणिसाव्या वर्षी, तो लंडनच्या जनरल पोस्ट ऑफिसात कारकून म्हणून लागला. पगार वर्षाला ९० पौंड. नोकरी आईच्या ओळखीने मिळाली. प्रवेशपरीक्षा म्हणून वर्तमानपत्रातला उतारा उतरवायला सांगितला, तर शाईचे डाग पडले आणि स्पेलिंगे चुकली. उद्या घरून चांगल्या अक्षरात लिहून आण, म्हणाले. त्याने रात्री बसून आणले. कोणी पाहिलेसुद्धा नाही आणि त्याला टेबलावर बसवले. अंकगणिताची परीक्षा नंतर घेऊ म्हणाले होते, ती कधीच झाली नाही.

पुढची सात वर्षे त्याची खात्यातली ख्याती एकच: वेळेवर न येणारा, कामात ढिसाळ. वरिष्ठांशी खटके उडत. एकदा कर्नल मेबर्ली या प्रमुखांच्या टेबलावरून नोटा असलेले पत्र नाहीसे झाले आणि आळ ट्रॉलपवर आला. त्याने संतापून टेबलावर मूठ आपटली. दौत उडून शाई कर्नलसाहेबांच्या तोंडावर आणि सदऱ्यावर. पत्र दुसऱ्याच माणसाकडे निघाले, पण त्यामुळे साहेबांचे प्रेम वाढले असेल असे वाटत नाही.

पैशांची गत याहून वाईट. एका शिंप्याचे १२ पौंडांचे बिल थकले. ते सावकाराकडे गेले, ट्रॉलपने कागदावर सही केली, मुदत वाढत गेली आणि शेवटी २०० पौंडांच्या वर रक्कम भरावी लागली. हा सावकार तगाद्याला रोज ऑफिसात यायचा. खुर्चीमागे उभा राहून शांतपणे एकच म्हणायचा: जरा वेळेवर पैसे देत जा. एवढ्या इमारतीत ट्रॉलपकडून वक्तशीरपणाची अपेक्षा अजूनही ठेवणारा बहुधा तो एकटाच. याशिवाय डोक्यावर भलीथोरली टोपी आणि हातात टोपली घेतलेली एक बाई ऑफिसात येऊन सगळ्यांसमोर विचारायची, माझ्या मुलीशी लग्न कधी करणार? संध्याकाळी जायला घर नाही, भाड्याच्या खोलीत बसवत नाही, जवळ वडीलधारे कोणी नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने अशा संध्याकाळी चहा पीत चांगली पुस्तके वाचावीत, अशी अपेक्षा करणाऱ्यांना तो आत्मचरित्रात चिमटा काढतो. बँकेच्या बदलीवर परगावी एकट्या खोलीत राहिलेल्या कोणालाही हा परिच्छेद कळेल.

या सात वर्षांत त्याला इच्छाशक्ती नव्हती, असे आपण पटकन म्हणून मोकळे होतो. ते मला पटत नाही. स्वतःला सुधारायचे त्याच्या मनात सतत होते. आपण नालायक आहोत हे त्याला दिवसातून दहा वेळा जाणवत होते. जाणीव आणि पश्चात्ताप यांवर सवयी उभ्या राहत असत्या, तर ट्रॉलप तिशीआधीच संत झाला असता.

आता ती एक सवय. खेळात कोणी घेत नसल्यामुळे तो लहानपणापासून मनातल्या मनात गोष्ट रचायचा. पण त्याच्या मनोराज्याला नियम होते. एकच गोष्ट आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने पुढे न्यायची. त्यात अशक्य काही घडवायचे नाही. नायक आपणच, पण म्हणून राजपुत्र व्हायचे नाही. शिवाय पंधराव्या वर्षापासून दहा वर्षे तो रोजनिशी लिहीत होता. पुढे मोठेपणी वाचली तेव्हा स्वतःच्या मूर्खपणाची, आळसाची, उधळेपणाची लाज वाटून त्याने ती नष्ट केली. तरी तिने हात मात्र वळवला होता, हे तो मान्य करतो. वाया गेलेल्या वाटणाऱ्या काळात काहीतरी चालू असते. हे ऐकून आळशी माणसाने खूष होऊ नये. ट्रॉलप रोज लिहीत होता, रोज रचत होता. फक्त त्याला त्याचे मोल नव्हते आणि इतरांना त्याचा पत्ता नव्हता.

नकोसा माणूस आयर्लंडला

१८४१ मध्ये पश्चिम आयर्लंडातल्या टपाल निरीक्षकाकडून पत्र आले की, मदतनीस म्हणून पाठवलेला कारकून अगदीच निकामी आहे. ते पत्र ट्रॉलपच्या हाताखालून गेले. त्याने थेट कर्नलकडे जाऊन ती जागा मागितली. लंडनहून तिकडे जायला कोणी तयार नसे, ती जवळजवळ शिक्षाच. कर्नलने पीडा टळली म्हणून लगेच हो म्हटले. ट्रॉलपने एका नातलगाकडून २०० पौंड हातउसने घेतले, देणी मिटवली आणि सप्टेंबर १८४१ मध्ये तो डब्लिनला उतरला. नेमणूक शॅनन नदीकाठच्या बॅनहर गावी.

प्रकरणाचा सांधा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एक, पैसा. मूळ पगार १०० पौंड, पण बाहेरगावचा भत्ता दिवसाला १५ शिलिंग आणि प्रवासाचे मैलामागे सहा पेन्स. आयर्लंडात स्वस्ताई. सगळे मिळून हातात वर्षाला सुमारे ४०० पौंड पडू लागले. रोज खुर्चीमागे उभा राहणारा सावकार आयुष्यातून गेला. तगाद्याखाली जगणाऱ्याला शिस्त लागत नाही, कारण त्याचे सगळे लक्ष आजचा दिवस निभावण्यात खर्च होते. हे मी कर्जवसुलीच्या टेबलावर बसून पाहिले आहे आणि या मताला चिकटून आहे.

दोन, नवा साहेब. ट्रॉलप पोचण्याआधी त्याच्याबद्दलचा शेरा पोचला होता: हा माणूस कुचकामी आहे, बहुतेक काढावाच लागेल. नव्या साहेबाने ते त्याला सरळ सांगून टाकले आणि पुढे म्हणाला, मी मात्र तुझे काम पाहून ठरवीन. बस्स, एवढेच. त्याने पाठ थोपटली नाही की उत्तेजनाचे भाषण दिले नाही. जुना शेरा तेवढा बाजूला ठेवला. वर्षभरात ट्रॉलप उत्तम सरकारी नोकर म्हणून ओळखला जाऊ लागला.

तीन, कामाचा पोत बदलला. लंडनमध्ये खोलीत बसून पत्रांच्या नकला. इथे घोड्यावर बसून गावोगाव फिरायचे, तक्रारी सोडवायच्या, पोस्टमास्तरांचे हिशेब तपासायचे. हिशेब त्याला येत नव्हते. सुरुवातीलाच एका अफरातफरवाल्या पोस्टमास्तराकडे पाठवले, तर खाती कशी वाचायची हे त्यालाच विचारून शिकून घेतले आणि मग त्याच्याच विरुद्ध अहवाल दिला. तो बिचारा बडतर्फ झाला. शिक्षक म्हणून फार उपयोगी पडला, असे ट्रॉलप नोंदवतो. शिवाय इथे कामाचा निकाल त्याच दिवशी डोळ्यांना दिसे. हरवलेले पत्र सापडले की नाही, तक्रार मिटली की नाही, हे समोर कळे.

चार, आणि याचा उल्लेख व्याख्यानांत कधी होत नाही: मजा. त्याने घोडा घेतला आणि कोल्ह्याच्या शिकारीचे वेड लागले. शरीर जड, नजर अधू, तरी ते वेड त्याने पुढची तीस-पस्तीस वर्षे जोपासले. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखाद्या गोष्टीसाठी वेळेवर हजर राहावेसे वाटले.

त्याच आयर्लंडात पुढे १८४५ पासून दुष्काळाने लाखो माणसे मेली हेही विसरून चालत नाही. ज्या स्वस्ताईत एका इंग्रज कारकुनाचे आयुष्य मार्गी लागले, ती स्वस्ताई दुसऱ्या कोणाचे दारिद्र्य होते.

बारा वर्षे पदरात काही नाही

१८४३ च्या सप्टेंबरात ड्रम्स्ना नावाच्या गावी कामाला गेलेला असताना फेरफटक्यात एक पडका वाडा दिसला आणि त्याने पहिली कादंबरी सुरू केली. वय २८. पुढच्या वर्षी रोझ हेझेल्टाइनशी लग्न झाले. कादंबरी १८४७ मध्ये आली. कोणी दखल घेतली नाही, पैसे शून्य. दुसरीच्या ३७५ प्रती छापल्या, १४० खपल्या. प्रकाशकाने ६३ पौंडांवर तोटा झाल्याचे कळवले आणि कादंबरी लिहिणे सोडून द्या असे सुचवले. तिसरीचे २० पौंड मिळाले. चौथी १८५५ मध्ये आली. त्या वर्षाअखेर तिच्यापोटी ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स हाती पडले. एवढ्या वेळात खडी फोडली असती तर जास्त मिळाले असते, असे तो स्वतःच म्हणतो.

१८४३ ते १८५५. बारा वर्षे. सवय लावा, यश येईल, असे म्हणणाऱ्या माणसाने हा आकडा फळ्यावर लिहून ठेवावा. मग प्रश्न पडतो की तो थांबला का नाही. माझे उत्तर असे: या बारा वर्षांत तो दुसरीकडे यशस्वी होत होता. नोकरीत मान होता, घरी बायको-मुले होती, शिकारीत सवंगडी होते. लिहिणे फसले तरी माणूस फसत नव्हता. लंडनच्या खोलीत त्याने याच कादंबऱ्या लिहिल्या असत्या आणि त्या अशाच पडल्या असत्या, तर दुसरी लिहिली गेली असती का? मला शंका आहे.

या काळातले नोकरीतले काम पाहण्यासारखे आहे. १८५१ पासून सुमारे दोन वर्षे त्याने इंग्लंडच्या पश्चिम भागातल्या खेड्यांत टपाल घरोघर कसे पोचेल याची आखणी केली. दिवसाला चाळीस-चाळीस मैल घोड्यावर. पोस्टमनने दिवसात सोळा मैलांहून जास्त चालू नये अशी मर्यादा होती, तेव्हा मार्ग स्वतः जाऊन मोजायचे, वाटेतल्या वाड्या-वस्त्यांत शिरून पत्रे कोण आणते, किती वाजता, किती पैसे घेते हे विचारायचे. ही आयुष्यातली अत्यंत सुखाची दोन वर्षे, असे तो म्हणतो. फ्रान्समधली पद्धत पाहून त्याने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या चॅनल बेटांसाठी रस्त्यावर टपालपेट्या ठेवायची सूचना केली आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये जर्सीतल्या सेंट हेलियरला पहिल्या पेट्या उभ्या राहिल्या. आपल्या गावातली पोस्टाची लाल पेटी त्याच घराण्यातली.

पानांचा रोजमेळ

नोकरीत सतत फिरती. दिवसातले कितीतरी तास रेल्वेच्या डब्यात. ट्रॉलपने मांडीवर ठेवायची एक छोटी पाटी करून घेतली आणि डब्यात पेन्सिलीने लिहू लागला. सहप्रवासी बघतात याचा सुरुवातीला संकोच वाटे, मग वाटेनासा झाला. बायको नंतर त्याची नक्कल करी. त्याचे नाव झाले ती पाचवी कादंबरी बरीचशी अशी गाडीत लिहिली गेली.

याच सुमारास पद्धत घट्ट झाली. नवी कादंबरी घेतली की एक वही आखायची, तिचे आठवड्यांत भाग पाडायचे, कादंबरी कधी पुरी करायची ते ठरवायचे आणि रोज किती पाने झाली ते त्या-त्या दिवसासमोर टाकायचे. पान म्हणजे काय हेही ठरलेले: २५० शब्द. ढिलाई नको म्हणून तो शब्द मोजत असे. दुकानदार संध्याकाळी रोजमेळ लिहितो तसा हा पानांचा रोजमेळ. दोन दिवस काही लिहिले नाही तर कोऱ्या जागा डोळ्यांसमोर येत. ज्या माणसाला एका सावकाराचा तगादा सात वर्षे सुधारू शकला नाही, त्याने शेवटी स्वतःच्याच मागे तगादा लावून घेतला. फरक एवढाच की या वहीत व्याज चढत नव्हते आणि ती चारचौघांत अब्रू काढत नव्हती. त्या वह्या आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत.

आकडे नीट पाहिले तर एक गंमत दिसते. पहाटेचे तीन तास, त्यातला पहिला अर्धा तास कालचे लिखाण वाचण्यात. उरलेल्या अडीच तासांत दहा पाव तास, म्हणजे अडीच हजार शब्द, दहा पाने. सगळे हाच आकडा घेऊन जातात. पण त्याची स्वतःची सरासरी तो आठवड्याला सुमारे ४० पाने सांगतो. कधी २० वर आला, एकदा ११२ वर गेला. रोज दहा पानांचा हिशेब धरला तर आठवड्याची सत्तर व्हायला हवीत. म्हणजे ऐपत होती त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्तीवर तो सरासरी चालला. या दोन आकड्यांच्या मधल्या फटीतच त्याची सवय टिकली असे माझे वाचन आहे. वीस पानांचा आठवडासुद्धा वहीत लिहिला जाई आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरुवात होई. आपण मात्र दहा पानांचा संकल्प करतो, तिसऱ्या दिवशी चार होतात, आणि लाजेने वहीच बंद करतो.

१८५८ मध्ये खात्याने त्याला इजिप्तला पाठवले. सुएझचा कालवा व्हायला अजून अकरा वर्षे होती. विलायतेहून मुंबईकडे येणारे टपाल अलेक्झांड्रियाला उतरे, जमिनीवरून सुएझला जाई आणि तिथून पुन्हा बोटीने निघे. हे टपाल रेल्वेने नेण्याचा करार करायचा होता. इजिप्तचे अधिकारी नुबार बे म्हणत, ४८ तास द्या. ट्रॉलप २४ वर अडून बसला आणि त्याचे म्हणणे मान्य झाले. आदल्या वर्षीच्या उठावाने हादरलेल्या मुंबईतल्या गोऱ्या साहेबांना घरची पत्रे एक दिवस लवकर मिळण्यामागे एकेकाळचा हा दिरंगाईबहाद्दर होता. जाताना फेब्रुवारीचा समुद्र खवळलेला. केबिनमधल्या टेबलावर कागद तसेच टाकून तो खोलीत जाऊन ओकून येई आणि पुन्हा लिहायला बसे. हातातली कादंबरी इजिप्तमध्ये संपली. दुसऱ्या दिवशी त्याने पुढची सुरू केली.

हा शेवटचा तपशील बहुतेकांना थोर वाटतो. मला जरा भीतीदायक वाटतो. एक दिवसही मोकळा न ठेवणाऱ्या माणसाला कशाची धास्ती असेल? लंडनच्या त्या रिकाम्या संध्याकाळींची, असे मला वाटते. पुरावा नाही, पण वाटते.

बाकी खाते

पुढचे थोडक्यात. १८५९ पासून लंडनजवळच्या वॉल्थम क्रॉसला मोठे घर, बाग, घोडे. १८६४ मध्ये हवी असलेली बढती डावलली गेली, १८६७ मध्ये पेन्शनवर पाणी सोडून राजीनामा. पुढच्या वर्षी बेव्हर्लीहून पार्लमेंटची निवडणूक लढवून शेवटचा आला. सवयीने सगळे जिंकता येत नाही याची ही दोन उदाहरणे, आणि दोन्ही त्याला लागली. आत्मचरित्रात त्याने लेखनाची एकूण कमाई शिलिंग-पेन्सांपर्यंत मांडली आहे: ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. तो ६ डिसेंबर १८८२ रोजी गेला. पुढच्या वर्षी आत्मचरित्र आले आणि घड्याळ लावून लिहिणारा हा कसला कलावंत, म्हणून बऱ्याच जणांनी नाके मुरडली.

या यशाचे श्रेय वाटताना मी आता एकट्या ट्रॉलपचे नाव घेत नाही. आईच्या ओळखीची नोकरी, नातलगाचे २०० पौंड, शेरा बाजूला ठेवणारा साहेब, नक्कल करणारी रोझ. यातले काहीच नसलेल्या मुलाला नुसते पाच वाजता ऊठ म्हणून सांगणे मी प्रशिक्षणात बंद केले. त्याऐवजी पहिल्या तासाला विचारतो, कर्ज किती आहे? राहता कुठे, जेवता कुठे? मुले दचकतात. एकाने तर, सर हे पण सिलॅबसमध्ये आहे का, असे विचारले.

आणि साडेपाच. वॉल्थम क्रॉसच्या घरी ट्रॉलपला उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता. पहाटे कॉफी घेऊन जायचे आणि मालकाला उठवायचे, या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. साडेपाचला मालक टेबलाशी हवा, म्हणजे म्हाताऱ्याला त्याच्याही आधी उठून चूल पेटवायला हवी. इतक्या वर्षांत त्याची कॉफी एकदाही उशिरा आली नाही, असे ट्रॉलप लिहितो, आणि आपल्या यशात इतर कोणापेक्षाही याचे ऋण मोठे आहे असेही लिहितो. आत्मचरित्रात त्या पाच पौंडांची नोंद आहे. म्हाताऱ्याचे नाव नाही.